टॉर्च तिरका धरा, तोंड बंद ठेवा: कोंडिविटे ते कान्हेरी

ही सहल एका टेबलापाशी ठरली.

मी ज्या कॉलेजात इतिहास शिकत होतो (‘होतो’ लक्षात ठेवा), तिथे प्राचीन लिपीची कार्यशाळा भरली होती. दारावर फलक होता: सर्वांसाठी खुली. तो वाचून प्रज्ञा तिच्या आईला घेऊन आली. आई म्हणजे कमलमावशी. जालन्याकडून लग्न होऊन घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत आलेली, पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटणारी. टेबलामागच्या स्वयंसेवकाने विचारलं, “शिक्षण?”

“शाळेत नाही गेले बाबा.”

“मग नाही जमणार मावशी. किमान पदवी पाहिजे.”

“बाहेर तर सर्वांसाठी लिहिलंय,” प्रज्ञा म्हणाली.

“सर्वांसाठी म्हणजे सर्व शाखांच्या पदवीधरांसाठी.”

हे वाक्य त्याने अगदी सरळ चेहऱ्याने म्हटलं. मग समजूत काढावी तसं म्हणाला की नाव लिहून ठेवतो, पुढे कधी सोपं काही ठेवलं तर कळवू, इथे सही करा. मावशीने पेन घेतलं आणि सावकाश तीन अक्षरं काढली. अधिकच्या चिन्हासारखा क. शिंगं फुटलेल्या गोळ्यासारखा म. वर वळलेल्या आकड्यासारखा ल. कमल.

“सही करा मावशी, चित्र नको.”

ज्या लिपीची कार्यशाळा, त्याच लिपीतली सही होती ती! मागून आमचे सर आले. त्यांना ती वाचता आली. हसले आणि म्हणाले, “हौस चांगली आहे हां.” कागद बाजूला सरकवला.

त्यानंतर मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, आई हा ब्लॉग वाचते. गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि निघालो. परत गेलेलो नाही. डोक्यात राग घालून कॉलेज सोडणं मूर्खपणा आहे असं तुम्हाला वाटत असेल तर खुशाल वाटू द्या, कमेंटमध्ये लिहिलंत तरी चालेल.

आता थोडं मागचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. प्रज्ञा दर रविवारी वस्तीतल्या बुद्धविहारात धम्मलिपी शिकवते. कॉलेजात जिला ब्राह्मी म्हणतात तीच. समोर बसतात त्या बायांपैकी काहींनी कधी पाटी हातात धरलेली नाही. पेन धरायचं म्हटलं की बोटं आखडतात. म्हणून प्रज्ञाने पेन बाजूला ठेवून कणीक आणली. कणकेच्या वळ्या करायच्या आणि ताटात अक्षरं मांडायची. चुकलं की मोडायचं, परत वळायचं. खाडाखोड दिसत नाही, त्यामुळे लाजही वाटत नाही. कमलमावशीला देवनागरीत बसचा नंबर सोडून काही वाचता येत नाही. तिच्या आयुष्यातली पहिली लिपी दोन हजार वर्षं जुनी आहे.

आणि हो, प्रज्ञा. मी मुलुंडहून दर रविवारी घाटकोपरला जातो ते फक्त लिपीसाठी, असं मी बरेच दिवस सांगत होतो. मग एकदा विहाराच्या पायरीवर तिला खरं सांगून टाकलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “तुझ्याशी लग्न म्हणजे आयुष्यभर सभेत बसणं रे. तू बोलतोस, बोलतोस, बोलतोस. ऐकतोस कधी?” नाही म्हणाली नाही, हो पण म्हणाली नाही. तेव्हापासून माझी वाट लागलेली आहे.

तर त्या टेबलापासून परत येताना, मेट्रोच्या जिन्याखाली, मावशी म्हणाली, “मला त्यांचा वर्ग नको गं. मला फक्त एकदा दगडावरचं वाचायचंय. माझं मी.”

“नेतो,” मी म्हटलं. अर्थातच मीच म्हटलं.

शनिवार: कोंडिविटे

कान्हेरीआधी सराव म्हणून अंधेरीची लेणी निवडली. रिक्षावाल्याला ‘कोंडिविटे’ म्हणू नका, तो तुम्हाला हॉटेलात नेईल. ‘महाकाली केव्ह्ज’ म्हणा. घाटकोपरहून मेट्रो, मरोळ नाक्याला उतरून रिक्षा. मेट्रोची खरी मजा म्हणजे लिफ्ट. मावशीचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. उभं राहून वर्षानुवर्षं पोळ्या लाटल्या की जातात. म्हणून मी घरून एक लाल प्लास्टिकचं स्टूल घेतलं होतं. स्कॅनरवर सिक्युरिटीवाला स्टुलाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला.

“ये क्या है?”

“स्टूल.”

“वो तो दिख रहा है. किसलिए?”

“बैठने के लिए.”

त्याला त्यात काहीतरी गडबड वाटली, पण नेमकी कुठे ते सापडेना. सोडलं.

आम्ही गेलो तेव्हा लेण्यांना तिकीट नव्हतं. चारी बाजूंनी इमारती, गॅलरीत वाळत घातलेल्या चादरी, आणि मधोमध हा काळा खडक. आत क्रिकेट चालू होतं, एका ओसरीत दोन जण अभ्यास करत होते. पाणी घरून न्या, आत काही मिळत नाही. मला ही जागा आवडते कारण इथे प्राचीन काळ काचेत ठेवलेला नाही, बॉल आत गेला की पोरं जाऊन घेऊन येतात.

स्तूपाच्या लेण्यात एक झोपडीसारखी गोल खोली कोरलेली आहे, तिला दगडी जाळीच्या खिडक्या. त्यातल्या एका खिडकीवर लेख आहे, बराच झिजलेला. स्टूल मांडलं, मावशी बसली, मान वर केली. प्रज्ञाने मोबाइलचा टॉर्च लावून दगडाला जवळजवळ चिकटवून, बाजूने धरला. ही युक्ती लक्षात ठेवा: समोरून उजेड पाडला तर दगड सपाट दिसतो. बाजूने तिरका पाडला की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि अक्षरं वर येतात. हात लावायचा नाही, खडूने गिरवायचं नाही, पाणी ओतायचं नाही. फक्त उजेड.

मावशीचे ओठ हलू लागले. एक अक्षर. थांबली. दुसरं. परत पहिल्यावर गेली. तेवढ्यात मागून कॉलेजची एक टोळी आली. त्यातला एक आपल्या मित्राला म्हणाला, “ए, काय लिहिलंय तिथे?”

आणि मी सांगितलं.

नुसतं सांगितलं नाही. हात उंचावून, अर्थासकट, संदर्भासकट, आवाज चढवून. ती टोळी थांबून ऐकायला लागली, मग मला आणखी चेव आला. पदवीधारकांची मक्तेदारी, इतिहास कोणाच्या बापाचा, सगळं आलं त्यात. दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. झकास वाटलं मला. मग मागे वळलो. टॉर्च बंद झालेला होता. मावशी स्टुलावरून उठून पायातली चप्पल बघत होती.

“छान वाचलंस हो,” ती म्हणाली. “मला तीनच लागली होती.”

परतीच्या मेट्रोतून घाटकोपरला उतरल्यावर प्रज्ञा म्हणाली, “सरांनी कागद सरकवला. तू दगड सरकवलास.”

“अगं पण ते विचारत होते...”

“तुला नव्हते विचारत. तू मध्ये घुसलास.”

मावशी लिफ्टचं बटण दाबून उभी होती. म्हणाली, “राहू द्या आता. तुम्ही पोरं जा उद्या कान्हेरीला. माझं वय झालं. ताटातलं वेगळं असतं आणि दगडावरचं वेगळं. विहारात पण नाही येत आता, गुडघे दुखतात.”

गुडघे तर वर्षभर दुखत होते, त्या गुडघ्यांवरच ती दर रविवारी विहाराचा चढ चढत आली होती. म्हणजे माझ्या एका भाषणाने ती शिकायचं थांबवत होती. घरी येऊन मी जेवलो नाही. आईने विचारलं, “काय झाला रे?” मी म्हटलं, “काय नाय.” आईने माझ्या वाटणीचे बांगडे झाकून ठेवले.

सकाळी प्रज्ञाचा मेसेज आला. “आई येतेय. खूप भांडले तिच्याशी. स्टूल आण. एक अट आहे, समोर आल्यावर सांगते.”

रविवार: कान्हेरी

अट घाटकोपर स्टेशनवरच सांगितली. “तू टॉर्च धरायचा. तिरका. आणि तोंड बंद ठेवायचं. आई विचारेल तरीसुद्धा.”

“विचारलं तरी?”

“तरीसुद्धा.”

मार्ग लिहून घ्या, हा उपयोगाचा आहे. घाटकोपरहून मेट्रो, ‘पश्चिम द्रुतगती मार्ग’ला उतरायचं, पुलावरून चालत गुंदवली, तिथून दुसरी मेट्रो थेट ‘राष्ट्रीय उद्यान’. एकही जिना चढावा लागत नाही, लिफ्ट बंद नसेल तर. उद्यानाचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं, आतल्या बसचं वेगळं. सगळं मिळून बाहेर सिनेमाला जाण्यापेक्षा बरंच कमी पडतं. सोमवारी बंद. रविवारी बसला रांग असते म्हणून सकाळी लवकर पोचा. गेटबाहेर पोहे खाऊन घ्या. आत चिंच, पेरू, काकडी विकायला असतात, पण ते तुम्ही खाणार की माकडं, हे माकडं ठरवतात.

बस झाडीतून वर जाते आणि पायथ्याशी सोडते. तिथून पायऱ्या. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी खरं सांगतो, कारण कुठल्याच माहितीफलकावर हे लिहीत नाहीत: पायऱ्या एका मापाच्या नाहीत, बऱ्याच ठिकाणी धरायला काही नाही, आणि व्हीलचेअर पहिल्या टप्प्याच्या पुढे जाणं अवघड. ज्यांनी लेणी खोदली त्यांच्या काळात लिफ्ट नव्हती, मान्य. आपल्या काळात आहे. एक कठडा बसवायला कुणाची पदवी लागते?

तिकिटाच्या खिडकीपलीकडे गार्ड उभा होता. “स्टूल अलाउड नाही.”

माझं तोंड उघडलंच होतं. प्रज्ञाने माझ्या पायावर पाय दिला आणि त्याला म्हणाली, “दादा, गुडघे अलाउड आहेत ना?”

“म्हणजे?”

“आईचे. ते स्टुलाशिवाय चालत नाहीत.”

गार्डने मावशीकडे पाहिलं. “कुठपर्यंत जाणार?”

“जिथं अक्षर सापडेल तिथंवर,” मावशी म्हणाली.

“अक्षरं तर सगळीकडे आहेत मावशी. पण भिंतीला टेकवू नका हां स्टूल.”

माझ्या मनात मोठा चैत्य होता. उंच खांब, भव्य लेख, फोटो काढण्यासारखा. आता माझं मन कुणी विचारत नव्हतं. दोन टप्पे चढून मावशी एका लहान लेण्याच्या ओसरीपाशी थांबली, कारण गुडघ्यांनी तिथे नाही म्हटलं. बाजूला खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं होतं. आत हिरवट, गार पाणी, त्यात एक पान तरंगत होतं. मावशीने पिशवीतून कणकेचा डबा काढला. वाचायचं अक्षर आधी हातात वळून बघायची तिची सवय. झाकण उघडून डबा मांडीवर ठेवला, आणि माकड आलं.

ओरडायलाही वेळ मिळाला नाही. डबा घेऊन ते समोरच्या खडकावर बसलं, सगळा गोळा बाहेर काढला, वास घेतला, अर्धा तोंडात घातला, थुंकून टाकला, आणि आमच्याकडे असं बघितलं की जणू आम्हीच फसवलं.

“मीठ नाही घातलं त्यात,” मावशी त्याला म्हणाली. आणि हसली. कालपासून पहिल्यांदा.

हसता हसता तिची मान वर झाली आणि तशीच राहिली. टाक्याच्या वर, खडकाच्या कोनाड्यात, एक छोटा लेख होता. त्यावर कुठली पाटी नव्हती. मोठा चैत्य बघायला निघालेली माणसं त्याच्या खालून न बघता जात होती.

“टॉर्च,” प्रज्ञा म्हणाली.

मी धरला. तिरका. सावल्या भरल्या आणि अक्षरं दगडातून बाहेर आली.

मावशी तळहातावर बोटाने वळ्या काढू लागली. कणीक नव्हती, म्हणून तळहाताचंच ताट. “क,” ती म्हणाली. मग बोट तळहातावर पुन्हा पुन्हा तेच वळण काढत राहिलं. मला ओळ दिसत होती, पूर्ण. ती जिभेच्या टोकावर येऊन बसली होती. हात दुखायला लागला. मागून एक कुटुंब आलं, त्यातल्या काकांनी विचारलं, “काय आहे हो तिथे?” त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. माझ्याकडेच का बघतात सगळे? शर्टपँट घातलेला पोरगा आणि स्टुलावर बसलेली नऊवारीतली बाई, यातलं कोण वाचत असेल ते सगळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

मी मान हलवली आणि मावशीकडे बोट केलं.

“लि,” ती म्हणाली. “क... लि... अ... ण.” तिने माझ्याकडे पाहिलं. “बरोबर का रे?”

मी टॉर्चकडे पाहिलं. शप्पथ सांगतो, कॉलेज सोडताना इतका त्रास झाला नव्हता.

“सांग ना रे.”

मी ओठ आत ओढून धरले. मावशीने वैतागून मान वळवली आणि पुन्हा पहिल्यापासून घेतलं. मग एकदम तिचा आवाज बदलला. “कल्याण? आपलं कल्याण? डोंबिवलीच्या पुढचं?”

“आई, पुढे,” प्रज्ञा म्हणाली.

“कल्याणचा कुणीतरी. इथं दगडच फुटलाय बाई, नावावरच. मग... पो... पोढी.” हा शब्द तिला येत होता. विहारात शिकलेली, पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. तिने वाकून खाली बघितलं, ज्याच्या काठावर तिचं स्टूल होतं त्या टाक्याकडे. “हेच? हे आहे ते?”

उत्तराची वाट तिने बघितली नाही. शेवटची अक्षरं तिने न थांबता वाचली, देयधम, म्हणजे दान. मग पदर सावरून बसली.

“कल्याणहून कुणीतरी आला आणि पाण्याची सोय करून गेला. नाव गेलं त्याचं. पाणी आहे अजून.”

ते काका तिथेच उभे होते. त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी तिला. “मावशी, परत एकदा वाचता का? हिला व्हिडिओ काढायचाय.”

“नाही,” मावशी म्हणाली. “इकडं या, बसा. मी टॉर्च धरते, तुम्ही बघा. पहिलं अक्षर सोपं आहे, अधिकच्या चिन्हासारखं.”

आणि त्या काकांना स्टुलावर बसवून तिने माझ्या हातातून मोबाइल घेतला. तिरका धरला. त्यांनी ‘क’ ओळखला तेव्हा त्यांच्या बायकोने टाळी वाजवली. मोठ्या चैत्यात आम्ही गेलोच नाही.

उतरताना गार्डने विचारलं, “सापडलं का अक्षर?”

“सापडलं,” मावशी म्हणाली. “डबा गेला.”

बसच्या रांगेत प्रज्ञा माझ्या शेजारी उभी राहिली. मी तोंड उघडलं नाही, एकाच दिवशी दुसऱ्यांदा. मग तिने पिशवीतून पेरू काढला, अर्धा केला, आणि मोठा भाग मला दिला. यातून काय समजायचं ते मला कळत नाही. कुणाला कळत असेल तर कळवा.

घरी

मुलुंडला पोचलो तेव्हा आई तांदळाच्या भाकऱ्यांचं पीठ मळत होती. मी सगळं सांगितलं. मावशी पुढच्या रविवारपासून विहारात शिकवायला मदत करणार, हेही. आई ऐकून म्हणाली, “बरा झाला. पण तां तेंचा. आपला नाय तां.”

हे वाक्य मला सरांच्या ‘हौस चांगली आहे’पेक्षा जास्त लागलं. सर परके होते. माझ्या आजोबांनी गिरणीत आयुष्य काढलं, आम्हालाही कुणी कधी ‘या, वाचा’ म्हटलेलं नाही, आणि तरी आईच्या डोक्यात ‘तेंचा’ आणि ‘आपला’ पक्कं बसलेलं. तोंडात पूर्ण भाषण तयार झालं. टाक्याचं पाणी पिताना कुणी विचारलं होतं का, इथपासून सुरुवात होती.

मी गिळलं. परातीतून पिठाचा एक गोळा घेतला आणि ओट्यावर वळी करायला लागलो. तांदळाचं पीठ. वळी मोडली. परत केली, परत मोडली.

“कित्याक पीठ नासतंस?”

“तुझं नाव काढतोय. सुमन.”

“तां काय असा होताला? उकड नको?” आईने मला कोपराने बाजूला सारलं, पातेल्यात पाणी ठेवलं, मीठ घातलं, पीठ वैरलं. मोदकाला करते तशी उकड. मळली, तेलाचा हात लावला, आणि एक लांब, गुळगुळीत, कुठेही न चिरलेली वळी ओट्यावर ठेवली. “हां. आता कसा असता माझा नाव?”

विहारातून आणून मी भिंतीवर लावलेल्या धम्मलिपीच्या तक्त्यावर तीन अक्षरं दाखवली. एवढंच. आईने चष्मा लावला. तिचा ‘सु’ उलटा झाला. मग तिने ‘म’ची शिंगं खाली लावली. मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि ओट्याच्या कडेला टेकवून तिरका धरला, म्हणजे वळ्यांच्या सावल्या पडतील.

आईने ओट्याकडे पाहिलं, मग तक्त्याकडे, मग पुन्हा ओट्याकडे. “चुकला काय रे खंय?”

मी तोंड बंद ठेवलं.

तिने शिंगं मोडली आणि वर लावली.